सांधे दुखणाऱ्या वयस्क कुत्र्याचा आहार: आधी काय कमी करावे, मग काय द्यावे

कुत्रा नऊ-दहा वर्षांचा झाला, झोपेतून उठताना मागचे पाय ओढू लागला, जिना चढण्यापूर्वी पहिल्या पायरीशी थांबू लागला, की घरातल्या प्रत्येकाला त्याच्यासाठी काहीतरी करावेसे वाटते. आणि आपल्या घरांत काहीतरी करणे म्हणजे बहुधा काहीतरी खाऊ घालणे. इंदूरमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, ताठरपणा अधिक जाणवतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या मराठी घरांत डिंकाचे आणि मेथीचे लाडू वळले जातात. आजीच्या गुडघ्यांना डिंक चालतो, मग याच्या गुडघ्यांना का चालू नये, असा विचार करून अर्धा लाडू कुत्र्याच्या भांड्यात पडतो. पोळीवर तूप थोडे सढळ हाताने घातले जाते, औषधांच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते, आणि काही दिवसांनी कोणीतरी सांगितलेल्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही येतात. यामागची माया खरी आहे, म्हणूनच हे सांगणे आवश्यक वाटते की यांपैकी बहुतेक गोष्टी सांध्यांच्या उपयोगाच्या नाहीत आणि काहींमुळे दुखणे वाढते. संधिवात असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत भांड्यातून काय काढले याचा परिणाम भांड्यात काय घातले यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो, आणि पुढचा सारा हिशेब याच क्रमाने मांडला आहे.

प्रथम दुखण्याचे स्वरूप थोडक्यात समजून घेऊ. दोन हाडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि सांध्याच्या पिशवीत एक चिकट द्रव असतो. वयामुळे, जुन्या इजेमुळे, किंवा लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डसारख्या जातींत आढळणाऱ्या खुब्याच्या आनुवंशिक दोषामुळे ही कूर्चा झिजू लागते, सांध्याच्या आतल्या आवरणाला सूज येते, त्या सुजेतून बाहेर पडणारी द्रव्ये कूर्चेची झीज आणखी वाढवतात, आणि शरीर कडेला नवे, खडबडीत हाड तयार करू लागते. म्हणजे या आजारात हाडातले कॅल्शियम कमी झालेले नसते. बाजारातले संतुलित कुत्र्याचे खाद्य खाणाऱ्या प्राण्याला वरून कॅल्शियमचे सिरप दिल्याने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. उलट जास्तीच्या कॅल्शियममुळे आहारातले जस्त शरीरात नीट शोषले जात नाही. कॅल्शियमची खरी गरज कोणाला असते ते घरच्या जेवणाच्या संदर्भात पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट आहार बदलण्याआधीच करायला हवी. लंगडणारा प्रत्येक म्हातारा कुत्रा संधिवाताचाच असतो असे नाही. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप, विशेषतः एर्लिकिया या जिवाणूचा संसर्ग, अनेक सांधे एकाच वेळी दुखवू शकतो आणि त्यावर प्रतिजैविकांनी उपचार होतो. गुडघ्यातला अस्थिबंध तुटणे, मणक्याचा त्रास, हाडाची गाठ, यांचीही लक्षणे घरी सारखीच दिसतात. म्हणून पशुवैद्याकडून तपासणी, गरज असल्यास एक्स-रे, आणि रक्त व लघवीची चाचणी आधी करून घ्यावी. या चाचणीत मूत्रपिंड, यकृत आणि शक्य असल्यास थायरॉइड पाहिले जावे, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर आहाराचा सगळा आराखडाच बदलतो, आणि थायरॉइड मंदावलेले असेल तर खाणे कितीही कमी केले तरी वजन हटत नाही. इंदूरकरांची सोय अशी की शहरातल्या दवाखान्यांखेरीज महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे. १९५५ पासून चालत आलेली ही संस्था आज जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहे. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी आपल्या डॉक्टरांना तिथल्या सल्ल्याबद्दल विचारण्यास संकोच करू नये.

आता वजनाकडे येऊ, आणि इथे थोडे रेंगाळू, कारण सांध्यांच्या आहाराचा अर्ध्याहून अधिक भाग हाच आहे असे माझे मत आहे. जास्तीचे वजन सांध्याला दोन बाजूंनी छळते. एक तर प्रत्येक पावलाला दुखऱ्या सांध्यावर येणारा भार वाढतो. दुसरे कारण कमी परिचित आहे: चरबी शरीरात स्वस्थ पडून राहत नाही, ती दाह वाढवणारी द्रव्ये सतत रक्तात सोडत असते, आणि आधीच सुजलेल्या सांध्याला ती पोषकच ठरतात. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर, पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत, एक दीर्घ अभ्यास झाला आणि त्याचे मुख्य निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य, म्हणजे गटातले निम्मे कुत्रे ज्या वयाच्या पुढे जगले ते वय, १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की ज्या वयापर्यंत गटातल्या निम्म्या कुत्र्यांना संधिवाताचे औषध सुरू करावे लागले, ते वय कमी खाणाऱ्यांत सुमारे तीन वर्षांनी पुढे गेले. कोणत्याही सप्लिमेंटच्या नावावर एवढा मोठा परिणाम नोंदलेला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की आमचा कुत्रा तर आता म्हातारा झाला, पिल्लूपण मागे गेले. त्यांच्यासाठी २०१० साली प्रसिद्ध झालेला एक लहान अभ्यास दिलासा देणारा आहे. संधिवात असलेल्या लठ्ठ कुत्र्यांचे वजन हळूहळू उतरवले गेले, तेव्हा सुमारे सहा टक्के वजन घटल्यावर त्यांचे लंगडणे मोजता येईल इतके कमी झाले. ३६ किलोच्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत सहा टक्के म्हणजे दोन किलोंहून थोडे जास्त. हे साध्य होण्यासारखे आहे.

कुत्रा लठ्ठ आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा हातांना जास्त कळते, कारण घरातल्या माणसांच्या नजरेला त्याचा आकार सवयीचा झालेला असतो. आपल्या हाताचा पंजा पालथा करून त्या पंजाच्याच पाठीवरच्या हाडांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवा. बरगड्यांवरून हात फिरवताना साधारण तसेच, पातळ कातडीखाली हाडे असल्यासारखे लागले पाहिजे. मूठ आवळून तिच्या उंचवट्यांवर बोट फिरवल्यासारखे टोकदार लागले तर कुत्रा हडकुळा आहे, आणि तळहाताच्या मांसल भागासारखे मऊ लागून बरगड्या शोधाव्या लागल्या तर तो जाड आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी. पशुवैद्य हेच मापन नऊ गुणांच्या पट्टीवर करतात आणि चार ते पाच गुण योग्य मानतात. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहता येते. मोठ्या कुत्र्यासाठी दवाखान्यातला काटा किंवा ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याचा जमिनीवरचा काटाही चालतो. मात्र प्रत्येक वेळी काटा तोच असावा.

किती खायला द्यायचे याचा एक सर्वमान्य हिशेब आहे. कुत्र्याचे आजचे वजन न घेता जे वजन असायला हवे ते किलोमध्ये घ्यावे, त्याचा ०.७५ घात काढावा आणि त्याला ७० ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे विश्रांतीत लागणारी दिवसाची ऊर्जा, आणि वजन उतरवताना सुरुवात बहुधा तिथूनच करतात. फोनवरच्या गणकयंत्रात हे करता येते, पण सोयीसाठी आकडे सांगतो: १० किलोसाठी सुमारे ४०० कॅलरी, २० किलोसाठी सुमारे ६६०, आणि ३० किलोसाठी सुमारे ९००. पाकिटांवर हाच आकडा किलोकॅलरी म्हणून छापलेला असतो. तिप्पट वजनाच्या कुत्र्याला तिप्पट खाणे लागत नाही, हे यातून लक्षात येते.

आता ३६ किलोच्या, पण ३० किलो असायला हव्या अशा कुत्र्याचा दिवस पाहू. सकाळी घरातल्या पोह्यांवर भुरभुरायला आणलेल्या शेवेतली मूठभर शेव, म्हणजे ३० ग्रॅम धरली तर सुमारे १६५ कॅलरी. चहाच्या वेळी सहा ग्लुकोज बिस्किटे, सुमारे १३०. दिवसभरात अर्धा लिटर म्हशीचे दूध, चारशेच्या पुढे. चार पोळ्या, सुमारे ४००, आणि त्यांवरचे दोन चहाचे चमचे तूप, ९०. बेरीज बाराशेच्या आसपास जाते, म्हणजे ठरलेल्या ९०० पेक्षा तीनशेने जास्त, आणि एवढे खाऊनही त्याला मिळालेली प्रथिने जेमतेम ३०-३५ ग्रॅम. घरातले लोक मात्र प्रामाणिकपणे सांगतात की तो फारसे काही खातच नाही, कारण यातली निम्मी वस्तू त्याच्या भांड्यात कधी पडलेलीच नसते. ती आजोबांच्या हातून, मुलांच्या बशीतून, शेजाऱ्यांच्या फाटकातून आलेली असते. म्हणून माझा आग्रह असतो की एक आठवडाभर स्वयंपाकघरात कागद लावावा आणि ज्याने जे दिले ते त्याने तिथे लिहावे. शेव, फरसाण आणि जिलबी पूर्ण बंद करावी. खाऊच्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवाव्यात, आणि हाताने काही देण्याचा आनंद सोडवत नसेल तर काकडीचे काप, गाजर, उकडलेली फरसबी द्यावी. दुधी आणि लाल भोपळा वाफवून जेवणात मिसळला तर भांडे भरलेले दिसते आणि कुत्र्याचेही पोट भरते.

वजन दर आठवड्याला एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त वेगाने उतरू देऊ नये, आणि म्हाताऱ्या प्राण्यात तर एक टक्क्याच्या आसपासचाच वेग मला योग्य वाटतो. उपाशी ठेवून वजन झपाट्याने उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि दुखऱ्या सांध्याला खरा आधार स्नायूंचाच असतो. खाण्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत, जुने कमी करत नवे वाढवत, करावा.

स्नायूंचा विषय आला म्हणून प्रथिनांविषयी. म्हाताऱ्या कुत्र्याला पचायला हलके म्हणून दूध-पोळी किंवा वरणभात द्यावा, प्रथिने मूत्रपिंडाला जड जातात, ही समजूत फार पसरलेली आहे. मूत्रपिंड निरोगी असेल तर वयाबरोबर प्रथिनांची गरज कमी होत नाही, वाढते, कारण म्हातारे शरीर स्नायू टिकवण्याचे काम कमी कार्यक्षमतेने करते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला अडीच ग्रॅम प्रथिने हा किमान आकडा धरला तरी ३० किलोच्या कुत्र्याला ७५ ग्रॅम लागतात. कातडी काढलेले, शिजवलेले कोंबडीच्या छातीचे मांस २०० ग्रॅम घेतले तर त्यात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने आणि ३३० कॅलरी असतात. दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम प्रथिने आणि १४० कॅलरी देतात. म्हणजे ९०० पैकी जवळजवळ अर्ध्या कॅलरींत प्रथिनांची गरज भागते, आणि उरलेल्या अर्ध्यात भात, भाज्या आणि पुढे सांगितलेले तेल बसते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे फॉस्फरस मोजावा लागतो आणि आहार डॉक्टरांनीच ठरवायला हवा.

आपल्या शहरात मांस घरात न आणणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कुत्र्यांचा विचार केल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. कुत्रा मांजरासारखा पूर्णपणे मांसावर अवलंबून नाही, तो शाकाहारावर राहू शकतो, परंतु तो शाकाहार नीट आखलेला असावा लागतो. नुसते पनीर वाढवत नेले तर प्रथिनांबरोबर चरबीही भरमसाट जाते. इथे माळव्याच्या मातीतले पीक कामाला येते. सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८७ पासून इंदुरातच आहे, आणि सोयाबीनच्या वड्या किराणा दुकानात सहज मिळतात. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिने आणि अगदी थोडी चरबी असते. त्या भिजवून, पिळून, चांगल्या शिजवून, मीठ-मसाला न घालता, थोड्या प्रमाणात सुरू कराव्यात, कारण सुरुवातीला पोटात वायू धरतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारी द्रव्ये असतात, म्हणून कच्चे दाणे किंवा कच्चे पीठ कधीही देऊ नये. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते. अंडी चालत असतील तर ती उणीव चांगली भरून निघते. अंडीही चालत नसतील तर घरच्या शाकाहारापेक्षा बाजारातले संपूर्ण संतुलित शाकाहारी खाद्य मला अधिक सुरक्षित वाटते.

घरी शिजवलेल्या जेवणाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. अमेरिकेतल्या डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठी सुचवलेल्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के कृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी आढळले. कोंबडी-भात हा त्याचा नेहमीचा नमुना आहे: मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नगण्य. कॅल्शियमच्या बाटलीला, किंवा धुऊन, भाजून, बारीक दळलेल्या अंड्याच्या टरफलांना, खरी जागा इथे आहे. पण त्याचे प्रमाण जेवणातल्या फॉस्फरसवर ठरते. शिवाय जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचीही सोय करावी लागते. म्हणून पूर्णपणे घरचे जेवण द्यायचे असेल तर पशुवैद्याकडून कृती तोलून घ्यावी आणि त्यात मनाने बदल करू नये. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे स्पष्ट लिहिलेले खाद्य मुख्य अन्न म्हणून निवडावे. वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर मोजावे, कारण वाटी भरताना प्रत्येकाचा हात वेगळा असतो. पाकिटावर सांध्यांचे चित्र असणे पुरेसे नाही. मागच्या बाजूला कॅलरी, प्रथिने आणि ओमेगा-३ किती आहे ते वाचावे.

ओमेगा-३ हीच ती एकमेव वस्तू आहे जिच्या बाजूने संधिवाताच्या कुत्र्यांत बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. माशांच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्ले पेशींच्या आवरणात जाऊन बसतात, आणि मग त्या पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये कमी तीव्रतेची बनवतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत असे दिसले की ओमेगा-३ भरपूर असलेला आहार खाणारे कुत्रे दुखऱ्या पायावर अधिक भार देऊ लागले, आणि एका चाचणीत तर कार्प्रोफेन या वेदनाशामकाची मात्रा कमी करणे शक्य झाले. २०२२ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही ओमेगा-३ चा निष्कर्ष अनुकूल आला.

इथे दोन गोष्टींत फार गल्लत होते. पहिली जवसाची. जवसात ओमेगा-३ आहे हे खरे, पण ते वेगळ्या रूपातले आहे, आणि कुत्र्याचे शरीर त्याचे ईपीए-डीएचए मध्ये रूपांतर अगदी थोड्या प्रमाणात करते. जवसाची चटणी माणसाला रुचकर आहे. कुत्र्याच्या सांध्यासाठी ती माशाच्या तेलाची जागा घेऊ शकत नाही. शाकाहारी कुटुंबांनी त्याऐवजी शेवाळापासून काढलेले तेल पाहावे. मासा हे मेदाम्ल शेवाळातूनच मिळवतो. त्या तेलात बहुधा डीएचए जास्त आणि ईपीए कमी असते, म्हणून लेबलावर दोन्ही आकडे तपासावेत. दुसरी गल्लत कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे खूप असतात. सांध्यांना उपयोगी पडेल इतके ओमेगा-३ त्यातून द्यायला गेलो तर ही जीवनसत्त्वे विषारी पातळीला जाऊ शकतात. बाजारात सहज मिळणाऱ्या रोहू, कटला या गोड्या पाण्यातल्या माशांत बांगडा किंवा तारलीसारखे ओमेगा-३ नसते, हेही ध्यानात ठेवावे.

मात्रेबाबत बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांकडे पाहू नये. ‘१००० मिलिग्रॅम’ हे तेलाचे वजन असते. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचे द्रव्य फक्त ३०० मिलिग्रॅम असते. संधिवातासाठी सुचवली जाणारी मात्रा पुन्हा त्याच ०.७५ घाताने काढतात आणि ३१० ने गुणतात: १० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,७५० मिलिग्रॅम, ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे ४,०००, ईपीए आणि डीएचए मिळून, आणि आधीच्या खाद्यातले ओमेगा-३ त्यात धरून. ही मात्रा सुरक्षित मर्यादेच्या बरीच जवळ जाते, म्हणून ती गाठायचीच असे नाही; सुरुवात चौथाईने करावी आणि तीन-चार आठवड्यांत, शौच पाहत, डॉक्टरांना विचारून वाढवावी. साध्या कॅप्सूलने ३० किलोच्या कुत्र्याला तेरा कॅप्सूल लागतील, म्हणजे जवळपास १२० कॅलरी तेलाच्याच, म्हणून मोठ्या कुत्र्यासाठी जास्त तीव्रतेचे तेल शेवटी स्वस्त आणि सोयीचे ठरते. ज्याला स्वादुपिंडाची सूज होऊन गेली आहे त्याला असे तेल देण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी हवीच. या तेलाने रक्त गोठण्यावरही थोडा परिणाम होऊ शकतो, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी सांगावे. बाटली उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी आणि खवट वास आल्यास टाकून द्यावी. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते, आणि त्यांच्याविषयी निराशाच पदरी पडते. तर्क सरळ होता: कूर्चा ज्या द्रव्यांची बनते ती खाऊ घातली तर कूर्चा दुरुस्त होईल. पण मॉन्ट्रियलच्या त्याच आढाव्यात या जोडीचा वेदनेवर परिणाम दिसला नाही, आणि संशोधकांनी कुत्र्यांच्या संधिवातासाठी ती वापरू नये असेच सुचवले. ती सहसा अपाय करत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिली असेल तर भांडण करण्याचे कारण नाही; परंतु महिन्याचे पैसे मोजकेच असतील तर ते ग्लुकोसामाइनवर जाऊन माशाच्या तेलाला उरत नाहीत, असे होऊ नये. कूर्चेतले कोलॅजन हे प्रथिन, त्याची मूळ रचना न बिघडवता बनवलेले (लेबलावर ‘अनडिनेचर्ड टाइप-२ कोलॅजन’), काही लहान चाचण्यांत उपयोगी दिसले आहे. न्यूझीलंडच्या हिरव्या कडेच्या शिंपल्यांची भुकटीही थोडीफार आशा दाखवते, पण ती महाग पडते. हळदीतला कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषला जातो, त्यामुळे दुधात चमचाभर हळद घालून सांध्याचा दाह उतरेल असे मानायला आधार नाही.

सालईच्या डिंकाचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण सालईची झाडे मध्य प्रदेशाच्या कोरड्या जंगलांत मुबलक आहेत आणि आयुर्वेदात शल्लकी म्हणून तिला मान आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना तिचा अर्क दिल्यावर सुधारणा नोंदली गेली, मात्र त्यात तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. मला ही वस्तू अधिक अभ्यासाच्या लायकीची वाटते; पण माणसांसाठीच्या तयार गोळ्यांत सोबत आणखी काय मिसळले आहे ते कळल्याशिवाय कुत्र्याला देऊ नये.

माणसांच्या कपाटातले काहीच देऊ नये, हा नियम सर्वांत कडक पाळावा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही मात्रा चुकली तर जिवावर बेतते. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या चघळण्याच्या गोळ्या, मग त्या जीवनसत्त्वाच्या का असेनात, कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतात. सुरुवातीला सांगितलेल्या लाडवात मनुका किंवा बेदाणे असतील तर ते मूत्रपिंडाला विषारी आहेत, जायफळही धोक्याचे, आणि उरलेले तूप-गूळ वजनाच्या खात्यात जमा. पोह्यांतला आणि भाजीतला कांदा, लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वेदना जास्त असेल तर कुत्र्यांसाठीची सुरक्षित वेदनाशामके पशुवैद्याकडे आहेत. आहार त्यांच्या सोबतीला असतो, आणि ‘औषध नको, काहीतरी नैसर्गिक द्या’ म्हणून दुखणाऱ्या प्राण्याला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दिलेल्या गोष्टीचा उपयोग होतो आहे की नाही हे ओळखणे वाटते त्यापेक्षा कठीण आहे. संधिवात रोज सारखा दुखत नाही. थंडीत वाढतो, ऊन पडले की उतरतो, आणि आपण नवी बाटली बहुधा सर्वांत वाईट आठवड्यात आणतो, त्यामुळे पुढचा आठवडा बरा जाणारच असतो. कुत्र्यांना निव्वळ निष्क्रिय गोळी दिलेल्या चाचण्यांतही मालकांना, आणि डॉक्टरांनाही, सुधारणा दिसल्याचे नोंदले गेले आहे, जेव्हा पायावरचा भार मोजणारे यंत्र काहीच फरक दाखवत नव्हते. म्हणून एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. सुरू करण्याआधी कुत्रा झोपेतून उठतानाचा, जिना चढतानाचा आणि अंगणात चालतानाचा व्हिडिओ त्याच जागी, दिवसाच्या त्याच वेळी घ्यावा, आणि दर पंधरा दिवसांनी तसाच पुन्हा घेऊन वजनासह तारीख लिहून ठेवावी. तेलाला तीन महिने, इतर वस्तूंना दोन महिने द्यावेत. मग ती वस्तू दोन-तीन आठवडे थांबवून पाहावी. चालण्यात काहीच फरक पडला नाही तर पुढची बाटली घेऊ नये. पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना हे व्हिडिओ, वजनाची नोंद, स्वयंपाकघरातला तो कागद आणि घरातल्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलाचा फोटो सोबत न्यावा, कारण ओमेगा-३, वेदनाशामक आणि कोणी मध्येच सुरू केलेला काढा एकमेकांशी कसे वागतील हे त्यांना तेवढ्यावरूनच ठरवता येते.